गहू बंद केला की पोट शांत, सुरू केला की पुन्हा तेच: सिलिॲक आहे की आणखी काही?

तक्रार साधारण अशी असते. जेवल्यावर पोट टम्म फुगतं, कधी पातळ होतं, कधी दोन-तीन दिवस काहीच होत नाही, अंगात त्राण नसतं. औषधाने आठवडाभर बरं वाटतं आणि मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. कुणीतरी सुचवतं म्हणून गहू बंद होतो आणि पोट खरंच शांत होतं. त्यानंतर सिलिॲकची, म्हणजे गव्हातल्या ग्लूटेन या प्रथिनामुळे लहान आतड्याची झीज करणाऱ्या आजाराची, रक्तचाचणी केली जाते, ती निगेटिव्ह येते, आणि माणूस अधांतरी लटकतो. गहू बाधतो हे तर स्वतः अनुभवलंय, रिपोर्ट मात्र काहीच नाही म्हणतो.

या गोंधळातून दोन उलट्या दिशांच्या चुका होतात. सिलिॲक नसलेली माणसं जन्मभराचं कडक पथ्य विनाकारण ओढवून घेतात. आणि सिलिॲक असलेल्यांवर 'आयबीएस' (आतड्याचं काम बिघडवणारा, पण त्याची झीज न करणारा त्रास), 'ॲसिडिटी', 'टेन्शन' असे शिक्के बसून वर्षंच्या वर्षं निघून जातात. दोन्हींच्या मुळाशी बहुतेक वेळा चाचण्यांचा चुकलेला क्रम असतो. म्हणून इथे लक्षणांची यादी देण्यापेक्षा क्रमावर जास्त बोलतो.

त्याआधी एक गोष्ट. शौचातून रक्त पडणं, प्रयत्न न करता वजन उतरणं, रात्री झोपेतून उठून जुलाब होणं, ताप, सतत उलट्या, गिळताना अडकणं, किंवा पन्नाशीनंतर शौचाची सवय अचानक बदलणं, यातलं काहीही असेल तर खालचं वाचत बसू नका, सरळ डॉक्टरांकडे जा. मध्यमवयीन किंवा त्याहून मोठ्या बाईला नव्याने पोट फुगण्याचा त्रास सुरू झाला आणि तो हटत नसेल, तर अंडाशयाची तपासणी आधी व्हायला हवी. 'गॅस आहे' म्हणून ती पुढे ढकलली जाते, हे फार वेळा घडतं.

आधी गहू सोडू नका

त्रास गव्हानेच होतोय असं वाटत असताना हा सल्ला उफराटा वाटेल. पण सिलिॲकच्या जवळपास सगळ्या चाचण्या रोग जागा असतानाच त्याला पकडतात. या आजारात गहू, जव आणि राय या धान्यांतल्या ग्लूटेनमुळे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. ग्लूटेनचे पूर्ण न पचलेले तुकडे आतड्याच्या अस्तरात शिरतात. तिथलं ट्रान्सग्लुटामिनेज नावाचं एन्झाइम त्या तुकड्यांत किंचित बदल करतं, आणि ठरावीक जनुकं असलेल्या माणसांच्या पांढऱ्या पेशी या बदललेल्या तुकड्यांवर तुटून पडतात. या धुमश्चक्रीत त्या एन्झाइमविरुद्धच अँटिबॉडी तयार होतात. १९९७ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी हे एन्झाइमच त्या अँटिबॉडीचं लक्ष्य असल्याचं दाखवलं, आणि आज जी 'टीटीजी-आयजीए' चाचणी सगळीकडे केली जाते ती त्यातूनच आली.

आता ग्लूटेन बंद केलं की चिथावणी बंद होते. अँटिबॉडी काही आठवड्यांत उतरायला लागतात आणि वर्षभरात बऱ्याच जणांत पूर्ण नॉर्मल होतात. आतड्याचं अस्तरही हळूहळू भरून येतं. म्हणजे तीन-चार महिने गहू सोडून मग केलेली चाचणी निगेटिव्ह आली, तर तिचा अर्थ 'सिलिॲक नाही' असाही होतो आणि 'पथ्य छान पाळलंय' असाही होतो. त्या कागदावरून कुणीही काहीही सांगू शकत नाही.

एक जुना संदर्भ इथे सांगण्यासारखा आहे. विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञाने १९५० च्या आपल्या प्रबंधात लहान मुलांमधल्या या आजाराचा संबंध गव्हाशी जोडून दाखवला. तेव्हा 'गहू काढा, मूल सुधारतं का बघा, परत द्या, बिघडतं का बघा' हाच एक रस्ता होता. डिकेंच्या रुग्णांसाठी तो ठीक होता, कारण ती मुलं खंगलेली असत आणि फरक डोळ्यांना दिसे. आज ज्यांना फक्त पोट फुगण्याचा आणि गॅसचा त्रास आहे, त्यांच्याबाबत या पद्धतीची काहीच किंमत उरत नाही. गहू सोडल्यावर बरं वाटणारे बहुसंख्य लोक सिलिॲकचे नसतातच. ते का, हे पुढे येईल.

आधीच गहू सोडला असेल तर?

नुकताच सोडला असेल, म्हणजे आठवडा-दोन आठवडे झाले असतील, तर पुन्हा नेहमीसारखं खायला लागा आणि लवकर चाचणी करून घ्या. कित्येक महिने झाले असतील तर डॉक्टर 'ग्लूटेन चॅलेंज' सुचवतील, म्हणजे ठरवून पुन्हा ग्लूटेन खायचं आणि मग तपासायचं. ब्रिटनमधली मार्गदर्शक सूचना अशी आहे की चाचणीआधी किमान ६ आठवडे, रोज, दिवसातल्या एकाहून अधिक जेवणांत ग्लूटेन असावं. रोज ३ ग्रॅम ग्लूटेन दोन आठवडे खाल्ल्यावरही सिलिॲक असलेल्या बहुतेक प्रौढांच्या आतड्यात बदल दिसू लागतात, असं संशोधनात आढळलं आहे. पण रक्तातल्या अँटिबॉडी त्या मानाने उशिरा चढतात, त्यामुळे जमेल तितकं लांबवणं बरं. ब्रेडच्या एका साध्या स्लाइसमध्ये साधारण २ ग्रॅमच्या आसपास ग्लूटेन असतं, यावरून अंदाज येईल.

लहान मुलं, गर्भवती स्त्रिया आणि ज्यांना पूर्वी ग्लूटेनने फार तीव्र त्रास झालाय, त्यांनी हा प्रकार स्वतःच्या मनाने करू नये. गहू खाल्ल्यावर ज्यांना अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात किंवा दम लागतो, त्यांनी तर मुळीच नाही. त्यांचा आजार वेगळा आहे.

पुन्हा गहू खाणं शक्यच नसेल तर एक आडवाट आहे: एचएलए जनुकचाचणी. ती आहारावर अवलंबून नसते. सिलिॲक होण्यासाठी डीक्यू२ किंवा डीक्यू८ या जनुकप्रकारांपैकी काहीतरी अंगात असावं लागतं. दोन्ही नसतील तर सिलिॲक जवळजवळ निकालात निघतो, आणि मग चॅलेंजचा खटाटोप करण्याची गरजच राहत नाही. मात्र चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणून घाबरू नका. अनेक देशांत लोकसंख्येच्या ३० ते ४० टक्के लोकांत ही जनुकं असतात, आणि त्यातल्या अगदी थोड्यांना हा आजार होतो. 'जनुक सापडलं म्हणजे सिलिॲक' असं कुणी सांगितलं तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

पोटापेक्षा पोटाबाहेरच्या खुणा जास्त बोलतात

पोट फुगणं, गॅस, कळा, पातळ शौच यांवरून सिलिॲक आणि आयबीएस वेगळे करता येत नाहीत. निष्णात डॉक्टरलाही नाही. सिलिॲक म्हणजे जुलाब आणि हाडकुळेपणा ही समजूतही आता जुनी झाली. मोठेपणी निदान झालेल्यांत बद्धकोष्ठता असलेले असतात, वजन जास्त असलेले असतात, आणि पोटाची काहीच तक्रार नसलेलेही असतात.

म्हणून पोट बाजूला ठेवून काही प्रश्न विचारावेत. हिमोग्लोबिन सारखं उतरतं का, लोहाच्या गोळ्या महिनोन्महिने घेऊनही फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारा आकडा) वर येत नाही का? लोह शोषलं जातं ते लहान आतड्याच्या अगदी सुरुवातीच्या भागात, आणि सिलिॲकचा मार सर्वांत जास्त तिथेच बसतो. माझ्या मते गोळ्यांना दाद न देणारा ॲनिमिया ही सगळ्यांत दुर्लक्षित खूण आहे, विशेषतः बायकांमध्ये, कारण तिथे पाळीवर खापर फोडून विषय संपवला जातो. तोंड वारंवार येतं का? कमी वयात हाडं ठिसूळ झाल्याचं निघालंय का? कारण सापडत नसताना लिव्हरची एन्झाइम्स किंचित वाढलेली असतात का? मूल राहण्यात अडचण, वारंवार गर्भपात, हातापायांना मुंग्या, चालताना तोल जाणं, दातांच्या एनॅमलवर कायमचे पट्टे किंवा खड्डे, हेही या यादीत बसतं. मुलांमध्ये उंची खुंटणं आणि वयात यायला उशीर होणं.

कोपर, गुडघे आणि नितंबांवर दोन्ही बाजूंना सारखे, भयंकर खाजणारे बारीक फोड येत असतील तर त्वचारोगतज्ज्ञांना 'डर्मटायटिस हर्पेटिफॉर्मिस' असू शकेल का, हे विचारा. हा त्वचेवर उमटलेला सिलिॲकच असतो. त्याची बायोप्सी फोडातून न घेता शेजारच्या चांगल्या दिसणाऱ्या त्वचेतून घ्यावी लागते, आणि तिथे आयजीए नावाच्या अँटिबॉडीचे कण सापडले की निदान पक्कं होतं.

घरातला इतिहास तपासा. जगभरात साधारण १०० पैकी एकाला सिलिॲक असतो, पण आई-वडील, भावंडं किंवा मूल यांपैकी कुणाला असेल तर हे प्रमाण साधारण दहात एक इतकं चढतं. टाइप १ डायबिटीस, थायरॉइडचा ऑटोइम्यून आजार, डाउन सिंड्रोम आणि टर्नर सिंड्रोम यांतही धोका वाढतो. यातलं काहीही लागू असेल तर पोटाची तक्रार किरकोळ असली तरी चाचणी करावी. आणि घरात एकाचं निदान झालं, तर बाकीच्यांनीही पथ्य सुरू करण्याआधी स्वतःची तपासणी उरकून घ्यावी. सगळ्या घराने एकदम गहू बंद केला की पुढे कुणाचंच निदान धड होत नाही.

रिपोर्ट वाचताना

पहिली चाचणी टीटीजी-आयजीए. तिच्या जोडीला 'एकूण आयजीए' मोजलंय का हे बघा. बहुतेक वेळा गाडं इथेच अडतं. काही माणसांच्या शरीरात आयजीए जातीच्या अँटिबॉडी जन्मतःच अत्यंत कमी असतात, आणि सिलिॲकच्या रुग्णांत अशी माणसं इतरांपेक्षा बरीच जास्त, सुमारे २ ते ३ टक्के सापडतात. ज्याच्या अंगात आयजीएच नाही, त्याची टीटीजी-आयजीए निगेटिव्ह येणारच. अशांसाठी आयजीजी या दुसऱ्या जातीच्या अँटिबॉडी मोजणारी डीजीपी-आयजीजी किंवा टीटीजी-आयजीजी चाचणी करावी लागते. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील तरीही निकाल खोटा निगेटिव्ह येऊ शकतो.

निकाल पॉझिटिव्ह आला तर आकडा बघा, नुसतं 'पॉझिटिव्ह' वाचून थांबू नका. प्रयोगशाळेच्या वरच्या मर्यादेपेक्षा जेमतेम वर गेलेला आकडा लिव्हरचे आजार, टाइप १ डायबिटीस किंवा नुकताच होऊन गेलेला संसर्ग यांतही दिसू शकतो. तो काही काळाने पुन्हा तपासला तर खाली आलेला असतो. उलट मर्यादेच्या दहापट किंवा त्याहून जास्त आकडा असेल तर शंकेला फारशी जागा नसते. युरोपातल्या बालरोग-पोटविकार तज्ज्ञांच्या २०२० च्या सूचनांनुसार, असा आकडा असलेल्या मुलाच्या दुसऱ्या रक्तनमुन्यात ईएमए ही सिलिॲकमध्ये दिसणारी आणखी एक अँटिबॉडीही सापडली, तर बायोप्सीशिवाय निदान करता येतं. प्रौढांसाठी मात्र बऱ्याच ठिकाणी आजही बायोप्सीच सांगितली जाते.

'फूड इन्टॉलरन्स पॅनेल' नावाने रक्तातल्या आयजीजी अँटिबॉडी मोजून शेकडो पदार्थांची यादी देणाऱ्या चाचण्यांवर पैसे घालू नका. एखादा पदार्थ आपण नेहमी खातो एवढंच त्या आयजीजीतून कळतं. सिलिॲकच्या निदानाशी या पॅनेलचा काही संबंध नाही. केस किंवा नखं पाठवून होणाऱ्या चाचण्यांबद्दल तर बोलायलाच नको.

एंडोस्कोपी करूनही कोडं सुटलं नाही तर

एंडोस्कोपीत दुर्बीण तोंडावाटे लहान आतड्याच्या सुरुवातीपर्यंत नेतात आणि अस्तराचे तुकडे काढतात. निरोगी अस्तर मखमलीसारखं असतं, बोटांसारख्या बारीक उंचवट्यांनी भरलेलं. सिलिॲकमध्ये ते उंचवटे झिजतात. नुकसान सगळीकडे सारखं नसतं, ठिगळाठिगळाने असतं, त्यामुळे एक-दोन तुकडे पुरत नाहीत. लहान आतड्याच्या सुरुवातीच्या पट्ट्यातल्या (ड्युओडेनमच्या) दुसऱ्या भागातून किमान ४ आणि त्याच्या अगदी सुरुवातीच्या फुगीर भागातून १-२ तुकडे घ्यावेत अशी शिफारस आहे. 'दुर्बिणीतून सगळं नॉर्मल दिसलं म्हणून तुकडे घेतले नाहीत' असं कळलं, तर ती तपासणी सिलिॲकपुरती झालीच नाही असं समजा. डोळ्यांना नॉर्मल दिसणारं अस्तर सूक्ष्मदर्शकाखाली झिजलेलं निघू शकतं.

रिपोर्टात 'मार्श' असा शब्द आणि पुढे आकडा दिसेल. मार्श ३ म्हणजे उंचवटे झिजलेले. मार्श १ म्हणजे उंचवटे शाबूत, फक्त अस्तरात लढाऊ पेशी जास्त. या मार्श १ वरून बऱ्याच जणांना सिलिॲकचं लेबल चिकटतं आणि ते चूक आहे. जठरातल्या हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूचा संसर्ग, आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्यांचा नियमित वापर किंवा नुकतंच झालेलं इन्फेक्शन यांतही असंच चित्र दिसतं. अँटिबॉडी निगेटिव्ह आणि मार्श १ असेल, तर आधी ही कारणं तपासली पाहिजेत.

उंचवटे खरंच झिजलेत, पण अँटिबॉडी निगेटिव्ह आहेत, हे कोडं जास्त अवघड. इथे औषधांची यादी काढून बसा. रक्तदाबासाठी दिलं जाणारं ओल्मेसार्टन काही थोड्या लोकांत हुबेहूब सिलिॲकसारखं नुकसान करतं. हे २०१२ मध्ये पहिल्यांदा ठळकपणे नोंदलं गेलं. गोळी वर्षानुवर्षं बिनतक्रार घेतल्यानंतरही हे सुरू होऊ शकतं, म्हणून तिच्यावर कुणाचा संशय जात नाही. डॉक्टरांनी ती बदलून दिली की आतडं सुधारतं. स्वतःहून बंद करू नका, रक्तदाब उसळेल. जिआर्डिया या परजीवीचा संसर्ग, आतड्याला दीर्घकाळ सूज आणणारा क्रोन्सचा आजार, प्रतिकारशक्तीची जन्मजात कमतरता, आणि उष्ण कटिबंधात राहणाऱ्यांत किंवा तिथे दीर्घकाळ राहून आलेल्यांत 'ट्रॉपिकल स्प्रू' हेही याच रांगेत येतात. ट्रॉपिकल स्प्रूमध्ये बी१२ आणि फोलिक ॲसिड दोन्ही खालावलेली असतात. तो टेट्रासायक्लिन गटातलं अँटिबायोटिक आणि फोलिक ॲसिड काही महिने घेतल्यावर बरा होतो. ग्लूटेन सोडून तो जात नाही.

सिलिॲक नाही हे ठरलं. मग गव्हाने त्रास का होतो?

बहुतेक लोकांचा खरा प्रश्न हा असतो, आणि त्याचं उत्तर बऱ्याचदा ग्लूटेनमध्ये सापडतच नाही. गव्हात फ्रुक्टॅन नावाची साखळीदार शर्कराही असते. माणसाच्या लहान आतड्याला ती पचवता येत नाही, कुणाच्याच नाही. ती तशीच मोठ्या आतड्यात जाते, तिथले जिवाणू तिच्यावर ताव मारतात आणि गॅस होतो. ज्यांचं आतडं संवेदनशील आहे त्यांना तोच गॅस कळा आणि फुगारा बनून छळतो. नॉर्वेत केलेला एक प्रयोग २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. सिलिॲक नसलेल्या पण स्वतःहून ग्लूटेन सोडलेल्या ५९ लोकांना आळीपाळीने ग्लूटेन असलेले, फ्रुक्टॅन असलेले आणि दोन्ही नसलेले बार प्रत्येकी ७ दिवस खायला दिले. कुठला बार कुठला हे त्यांना ठाऊक नव्हतं. सर्वांत जास्त त्रास फ्रुक्टॅनने झाला, आणि ग्लूटेनने झालेला त्रास दोन्ही नसलेल्या बारपेक्षा वेगळा निघाला नाही.

यावरून घरच्या घरी एक चांगला धागा मिळतो. कांदा आणि लसूण यांतही भरपूर फ्रुक्टॅन असतं आणि ग्लूटेन अजिबात नसतं. गहू सोडूनही कांदा-लसणाने पोट फुगत असेल तर संशयाची सुई फ्रुक्टॅनकडे वळते. अशा माणसाला दीर्घकाळ आंबवलेला गव्हाचा ब्रेड बरेचदा चालतो, कारण आंबताना फ्रुक्टॅन कमी होतं. सिलिॲकच्या रुग्णाला मात्र तो ब्रेडही विषासमान, कारण ग्लूटेन तिथेच असतं.

आयबीएसचं निदान 'काही सापडलं नाही म्हणून' करायचं नसतं, त्याचे स्वतःचे निकष आहेत. पोटदुखी गेले तीन महिने सरासरी आठवड्यातून किमान एक दिवस, तिचा संबंध शौचाशी, आणि शौचाच्या वेळा किंवा स्वरूप बदललेलं. सुरुवात किमान सहा महिन्यांपूर्वीची. आयबीएसने रक्त कमी होत नाही, वजन उतरत नाही आणि सहसा झोपमोड होत नाही. यातलं काही होत असेल तर निदान अपुरं आहे. आणि जुलाबाचा आयबीएस आहे असं सांगण्याआधी टीटीजी एकदा झालेलीच असली पाहिजे.

लॅक्टोजचा, म्हणजे दुधातल्या साखरेचा, त्रास ओळखायला तुलनेने सोपा आहे. दूध प्यायल्यावर अर्ध्या तासापासून दोन-तीन तासांत गुडगुड, फुगारा, जुलाब. दही आणि जुनं चीज मात्र चालतं. श्वासातल्या हायड्रोजनची चाचणी हे पक्कं करते. पण इथे एक फसगत आहे. लॅक्टोज पचवणारं एन्झाइम त्या बोटांसारख्या उंचवट्यांच्या टोकाशी असतं, आणि सिलिॲकमध्ये सर्वांत आधी टोकंच झिजतात. त्यामुळे सिलिॲक असलेल्याला दूध बाधू लागतं, दूध सोडल्यावर थोडं बरं वाटतं, आणि खरा आजार झाकला जातो. मोठेपणी अचानक दूध पचेनासं झालं, तर मागे आणखी काही आहे का, हे बघायला हवं.

गव्हाची ॲलर्जी वेळेवरून ओळखू येते. खाल्ल्यावर काही मिनिटांत ते दोनेक तासांत अंगावर गांधी, ओठ किंवा घसा सुजणं, शिंका, दम, उलटी. काहींना गहू खाऊन लगेच व्यायाम केला तरच होतं. त्यासाठी ॲलर्जीतज्ज्ञ, आयजीई (ॲलर्जीच्या अँटिबॉडीची) चाचणी किंवा त्वचेवरची टोचणी चाचणी. श्वास अडकत असेल तर ती तातडीची वेळ आहे.

बाकीची कारणं पटकन सांगतो. पित्ताशय काढल्यानंतर सुरू झालेले, जेवणानंतर धावत जावं लागणारे जुलाब बहुधा पित्तरसामुळे असतात आणि कोलेस्टिरामिनसारख्या औषधाला चटकन दाद देतात. पन्नाशीपुढच्या बाईला रात्रंदिवस पाण्यासारखे जुलाब होत असतील, तर 'मायक्रोस्कोपिक कोलायटिस' शोधावा. त्यात मोठं आतडं दुर्बिणीतून नॉर्मल दिसतं, तुकडा तपासला तरच सापडतो. शौचात रक्त-आव, ताप, सांधेदुखी असेल तर क्रोन्स किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिस, आणि त्यासाठी शौचातलं कॅलप्रोटेक्टिन (आतड्याची सूज दाखवणारं प्रथिन) ही चांगली पहिली चाचणी. तेलकट, चिकट, पाण्यावर तरंगणारं शौच आणि मागे दारूचा किंवा स्वादुपिंडाला सूज येऊन गेल्याचा इतिहास असेल तर शौचातलं इलास्टेज (स्वादुपिंडाचं एन्झाइम) तपासावं. प्रवासानंतर किंवा दूषित पाण्यानंतर आठवडेच्या आठवडे रेंगाळणारे जुलाब आणि सडक्या अंड्यासारख्या वासाचे ढेकर आले तर जिआर्डिया. छातीत धडधड आणि वजन घटत असेल तर थायरॉइड. आणि डायबिटीसची मेटफॉर्मिन गोळी सुरू झाल्यापासून पोट बिघडलं असेल तर आधी तिचाच विचार करावा. डॉक्टर तिचा हळूहळू विरघळणारा प्रकार देऊ शकतात.

सगळं तपासून झालं, सिलिॲक नाही, ॲलर्जी नाही, फ्रुक्टॅनचाही खुलासा पुरत नाही, आणि तरी गव्हाने त्रास होतोच. त्याला 'नॉन-सिलिॲक ग्लूटेन सेन्सिटिव्हिटी' म्हणतात. तिला रक्तचाचणी नाही, बायोप्सी नाही. त्रास खरा असतो, पण आतड्याची झीज होत नाही. म्हणून इथे कणाकणाचं पथ्य पाळायची गरज नसते. सोसेल तितकं खावं, आणि दोन-तीन वर्षांनी पुन्हा थोडं खाऊन बघावं.

सिलिॲकच आहे, पथ्यही चालू आहे, तरी त्रास थांबत नाही

पहिला संशय चोरपावलांनी पोटात जाणाऱ्या ग्लूटेनवर. दिवसाला १० मिलिग्रॅमपर्यंत ग्लूटेन बहुतेकांना सोसतं, ५० मिलिग्रॅम रोज गेलं तर आतड्याची झीज होऊ लागते. ब्रेडच्या स्लाइसच्या मानाने ५० मिलिग्रॅम म्हणजे केवळ चुरा. सोया सॉस, माल्ट घातलेली पेयं आणि सीरियल्स, सूपच्या तयार पावडरी, बिअर, एकाच तेलात तळलेले पदार्थ, घरातला एकच टोस्टर, जिभेला न कळणाऱ्या अशा वाटा. रवा आणि मैदा म्हणजेही गहूच, आणि 'मल्टिग्रेन'मध्येही बहुधा गहू असतो. ओट्स मुळात चालतात, पण साध्या ओट्समध्ये गहू-जव मिसळलेले असतात, म्हणून 'ग्लूटेन-फ्री' छापलेलेच घ्यावेत. तेही पथ्य बसल्यावर, कारण थोड्या रुग्णांना शुद्ध ओट्सही बाधतात. आंतरराष्ट्रीय मानकानुसार 'ग्लूटेन-फ्री' म्हणजे किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नाही. गोळ्या-कॅप्सूलमधल्या स्टार्चबद्दल फार्मासिस्टला विचारावं.

टीटीजी दर सहा महिन्यांनी बघा. आकडा उतरत नसेल तर ग्लूटेन कुठूनतरी जातंच आहे, आणि अनुभवी आहारतज्ज्ञांसोबत आठवड्याचं खाणं ओळ-ओळ तपासणं हा सगळ्यांत उपयोगी उपाय आहे. उलटं मात्र खरं नाही. टीटीजी नॉर्मल झाली म्हणजे अस्तर भरून आलंच असं नाही. मुलांचं आतडं लवकर भरतं, मोठ्यांना दोन वर्षं आणि त्याहूनही जास्त लागू शकतात.

आकडा नॉर्मल, पथ्य चोख आणि तरी जुलाब चालू असतील, तर वरच्या यादीत परत जा: लॅक्टोज, फ्रुक्टॅन, मायक्रोस्कोपिक कोलायटिस, स्वादुपिंडाची कमतरता, लहान आतड्यात वाढलेले जिवाणू. सिलिॲक असलेल्या माणसाला आयबीएसही असू शकतो, एक असलं की दुसरं नसतं असं काही नाही. हे सगळं वगळून वर्षभरानंतरही अस्तर झिजलेलंच असेल आणि वजन घटत असेल, तर 'रिफ्रॅक्टरी सिलिॲक'ची शक्यता येते. तो विरळ आहे आणि जास्त करून मोठ्या वयात दिसतो. त्याचे दोन प्रकार आहेत. दुसऱ्या प्रकारात अस्तरातल्या लढाऊ पेशी बिघडलेल्या असतात आणि त्यातून लिम्फोमा हा कॅन्सर होण्याचा धोका असतो. हे दोन प्रकार वेगळे करायला त्या पेशींच्या खास तपासण्या लागतात, त्या छोट्या प्रयोगशाळेत होत नाहीत. त्यामुळे इथवर आलेल्याने पूर्वीच्या बायोप्सीच्या स्लाइड आणि ब्लॉक (मेणात जपून ठेवलेले तुकडे) रुग्णालयातून मागून घ्यावेत आणि सिलिॲकचे बरेच रुग्ण पाहणाऱ्या केंद्रात ते पुन्हा वाचून घ्यावेत. अशा फेरवाचनात कधीकधी मूळ निदानच बदलतं.